केबल डिजिटल झाली, पण बॉक्स कोणाचा?

पूर्वा_डोंबिवली

आपल्याकडची केबल ॲनालॉगवरून डिजिटलवर गेली ती कायद्याने. ऑक्टोबर २०११ मध्ये वटहुकूम निघाला, डिसेंबरात संसदेने १९९५ च्या केबल कायद्यात दुरुस्ती केली आणि देशाचे चार टप्पे पाडले. पहिल्या टप्प्यात मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. त्यांची मुदत आधी ३० जून २०१२ होती, ती ३१ ऑक्टोबर २०१२ वर गेली. दुसऱ्यात ३८ शहरं, मुदत ३१ मार्च २०१३. त्यात महाराष्ट्रातली नऊ होती: पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, नाशिक, औरंगाबाद, सोलापूर, नागपूर. तिसऱ्यात उरलेली गावं-शहरं आणि चौथ्यात सगळा ग्रामीण भाग. शेवटच्या दोन टप्प्यांच्या तारखा इतक्यांदा पुढे ढकलल्या की २०१४ च्या अखेरीस संपायचं काम मार्च २०१७ पर्यंत रेंगाळलं.

तेव्हा सांगितलं काय होतं? चित्र स्वच्छ दिसेल. हव्या त्याच वाहिन्या घेता येतील, हव्या तेवढ्याचेच पैसे द्यावे लागतील. कोणाच्या घरी जोडणी आहे याचा हिशेब राहील, त्यामुळे सरकारला कर नीट मिळेल आणि वाहिन्यांना त्यांचे पैसे.

यातलं पहिलं आणि तिसरं झालं, हे मी मोकळेपणाने मान्य करते. माझं म्हणणं दुसऱ्याबद्दल आहे. निवड कशी मिळणार होती? टीव्हीला जोडायच्या सेट-टॉप बॉक्समुळे. आणि बॉक्स कोणाच्या हातात राहिला? कंपनीच्या. मी पैसे मोजून घेतलेला बॉक्स शेजारच्या दुसऱ्या केबलवाल्याच्या वायरीला लावला तर तो चालत नाही. घर बदललं, तिथे वेगळी कंपनी असली, की जुना बॉक्स माळ्यावर आणि नव्याचे पैसे पुन्हा. गंमत म्हणजे त्याच २०११ सालच्या जानेवारीत मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली होती. म्हणजे ग्राहकाला अडकवून ठेवू नये हे ट्रायला, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाच्या नियामकाला, उमगलेलं होतं. टीव्हीच्या बाबतीत मात्र करोडो घरांत कुलूपबंद डबे बसवले आणि कुलुपाचा विचार मागाहून करू म्हटलं.

माझ्या मते या सगळ्या बदलातली ती एकच गोष्ट आधी करायला हवी होती. तुमच्याकडे काय झालं, केबलच्या धंद्यातलं कोणी असेल तर आतून काय दिसलं, जरूर लिहा.

गिरगावकर

चांगला विषय. पण गोष्ट २०११ च्या आधी सुरू होते, ती सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

आमच्या दक्षिण मुंबईत बॉक्स त्याआधीच आला होता. त्या पद्धतीला तेव्हा 'कॅस' म्हणत: सशुल्क वाहिन्या बॉक्समधूनच, ज्याने पैसे भरले त्यालाच दिसायच्या. वाजपेयी सरकारच्या काळात कायदा झाला, १ सप्टेंबर २००३ ला सुरू व्हायचा होता. प्रत्यक्षात एकट्या चेन्नईत सुरू झाला. मुंबईत गणपती-नवरात्राच्या तोंडावर लोकांचे टीव्ही बंद पडतील म्हणून ओरड झाली, राजकीय पक्ष मध्ये पडले, आणि ते बारगळलं. मग प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाच्या आदेशामुळे २००६ सरता सरता मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या ठरावीक भागांत कॅस लागू झाला. मुंबईत तो भाग म्हणजे दक्षिण मुंबई.

दर ऐकून आजच्या लोकांना नवल वाटेल. निदान ३० मोफत वाहिन्यांना महिना ७७ रुपये अधिक कर, आणि सशुल्क वाहिनी कुठलीही घ्या, एकीचे जास्तीत जास्त ५ रुपये. आमच्या घरी आईने कागद-पेन घेऊन यादी केली होती. दोन मराठी, एक बातम्यांची, क्रिकेटपुरती एक. तिला काय हवं आणि त्याला किती पडतात ते तिला कळत होतं. निवड म्हणजे काय हे त्या ५ रुपयांत आम्ही खरोखर अनुभवलं. नंतरच्या डिजिटलमध्ये तो साधेपणा कधी परत आला नाही.

आणि पूर्वाताई, तुमच्या मुद्द्याला जोड: कॅसमधले बॉक्स पुढे पुष्कळ घरांत निकामी ठरले. कंपनी बदलली, बॉक्स गेला.

सिग्नल_मीटर

तांत्रिक बाजू मी लिहितो, कारण तिच्याशिवाय बाकीचा वाद हवेत राहतो. मी या क्षेत्रात कंट्रोल रूम उभारण्याचं काम केलंय.

ॲनालॉगमध्ये एका वाहिनीला वायरीतली ७ किंवा ८ मेगाहर्ट्झ जागा लागते. खालच्या व्हीएचएफ पट्ट्यात ७, वरच्या यूएचएफमध्ये ८. गल्लीबोळातली वायर, तिच्यावरचे ॲम्प्लिफायर, लोकांचे जुने टीव्ही हे सगळं धरलं तर ७०-८० वाहिन्या बऱ्या दिसायच्या, फार ताणलं तर शंभराच्या आसपास. आणि २०११ पर्यंत देशात परवाना मिळालेल्या वाहिन्या झाल्या होत्या ७०० हून अधिक. जागा शंभर, उमेदवार सातशे. मग जागेला भाव आला. वाहिनीने केबल कंपनीला पैसे द्यायचे आणि 'मला दाखवा' म्हणायचं, याला कॅरेज फी म्हणतात. त्यातही खालचा प्राइम बँड महाग, कारण जुन्या टीव्हीवर तेवढ्याच वाहिन्या स्वच्छ लागायच्या. वरच्या पट्ट्यात टाकलेल्या वाहिनीला मुंग्या.

याचा सगळ्यात जास्त मार मराठीला बसला. २००७-०८ मध्ये मराठीत एकामागून एक वाहिन्या आल्या: झी २४ तास, स्टार माझा, आयबीएन लोकमत, साम, स्टार प्रवाह. मुंबईच्या वायरीत त्यांना हिंदीच्या मोठ्या वाहिन्यांशी जागेसाठी बोली लावायची होती. टीआरपी मोजणारे मीटर मोठ्या शहरांत जास्त, त्यामुळे तिथल्या जागेचा भावही जास्त. जाहिरातीतून आलेला पैसा कार्यक्रमात जायचा तो वायरीतल्या जागेत जायचा.

डिजिटलमध्ये त्याच ८ मेगाहर्ट्झमध्ये ६४-क्वॉम या डिजिटल पद्धतीने सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट जातात. चित्र आकसून पाठवायच्या एमपेग-२ पद्धतीत साध्या दर्जाच्या १० ते १२ वाहिन्या बसतात, एमपेग-४ मध्ये आणखी जास्त. एका खोलीत डझनभर भाडेकरू. जागेची टंचाई संपली. हा फायदा खरा आहे आणि तो कोणी नाकारू नये.

आता तोटा. ॲनालॉगचा सिग्नल कमजोर झाला तर चित्र हळूहळू खराब होतं. आधी मुंग्या, मग भुतं म्हणजे दुहेरी चित्रं, तरी बातम्या ऐकता येतात. डिजिटल तसं करत नाही. एका मर्यादेपर्यंत चित्र लख्ख, त्याखाली गेलं की चौकोन चौकोन, मग काहीच नाही. गच्चीवरचा सैल झालेला कनेक्टर, त्यात शिरलेलं पावसाचं पाणी, वायरीचे फाटे काढणारा, वापरात नसलेला आणि उघडा सोडलेला स्प्लिटर, यांच्याकडे ॲनालॉगच्या काळात वर्षानुवर्षं कोणी पाहिलं नव्हतं. त्याच वायरीवरून डिजिटल सोडल्यावर पहिल्या पावसाळ्यात तक्रारींचा ढीग लागला. वायर बदलायची कोणी, याचं उत्तर कायद्यात नव्हतं. बॉक्स वाटायची तारीख मात्र होती.

कुलुपाबद्दल नंतर लिहितो, तो मोठा विषय आहे.

मंजिरी_क

सिग्नल_मीटर, फार छान समजावलंत. एक भर घालते. आमच्याकडे हॉलमधल्या टीव्हीच्या वायरीला स्प्लिटर लावून स्वयंपाकघरातही एक छोटा टीव्ही चालायचा. सासूबाईंची पोळ्या करता करता मालिका व्हायची. डिजिटल झाल्यावर प्रत्येक टीव्हीला वेगळा बॉक्स आणि प्रत्येक बॉक्सला वेगळे पैसे. तो छोटा टीव्ही त्याच महिन्यात बंद झाला. हे नुकसान कुठल्याच सरकारी अहवालात येणार नाही, पण घरातल्या बाईचा तो एकटीचा टीव्ही होता.

सोलापूरची_लाइन

नमस्कार. मी केबल ऑपरेटर. वडिलांनी नव्वदच्या दशकात धंदा सुरू केला, आता मी बघतो. बऱ्याच ठिकाणी आमच्याबद्दल लिहितात, आमच्याशी कोणी बोलत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी जे खरं आहे ते. ॲनालॉगमध्ये किती पॉइंट, म्हणजे जोडण्या, आहेत ते फक्त ऑपरेटरला माहीत. जिच्याकडून आम्ही वाहिन्यांचं फीड घेतो त्या वरच्या कंपनीला कमी सांगायचे, करमणूक कराच्या माणसाला त्याहून कमी. मुंबईत कर होता जोडणीमागे महिना ४५ रुपये, म्हणजे हजार पॉइंट लपवले तर महिन्याला ४५ हजार. सरकारला डिजिटल हवं होतं त्यामागे हे मोठं कारण होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. पुढे १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याचा तो कर त्यात गेला.

पण बॉक्स आला तेव्हा नुसते पॉइंट मोजले गेले नाहीत. गिऱ्हाईकच हातातून गेलं. आधी नाव, पत्ता, कोण कधी पैसे देतो, हे माझ्या वहीत होतं. आता ते कंपनीच्या सर्व्हरवर आहे. फॉर्म आम्ही भरून घेतले, घरोघरी फिरून, ओळखपत्रांच्या झेरॉक्स गोळा करून. ते सगळं वर गेलं. बॉक्सचा नंबर आणि व्हीसी (ग्राहकाच्या कार्डाचा) नंबर कंपनीकडे. उद्या माझं कंपनीशी बिनसलं आणि दुसऱ्या कंपनीचं फीड घ्यायचं ठरवलं, तर माझ्या एरियातला एकूण एक बॉक्स बदलावा लागेल. कोण देणार त्याचे पैसे? म्हणून पूर्वाताईंचं कुलूप तुमच्याआधी आम्हाला लागलंय.

दुसरं, वसुली. आधी महिनाभर टीव्ही बघायचा, मग पैसे. हातमागवाल्यांची, विडीवाल्या बायकांची घरं आहेत आमच्याकडे. आठवड्याचा पगार झाला की देतात, सणाला ओढाताण झाली की पुढच्या महिन्यात. कोणाचं कनेक्शन मी त्यासाठी तोडलं नाही. आता प्रीपेड आहे. मी आधी माझ्या खिशातून कंपनीच्या पोर्टलवर पैसे भरायचे, मग प्रत्येकाचा बॉक्स रिचार्ज करायचा, मग दारोदार वसुली. तारीख उलटली की बॉक्स आपोआप बंद. म्हातारी आजी मला फोन करते, 'बाळा, टीव्ही का बंद केलास?' मी बंद केलेला नसतो.

वाट्याचं बोलायचं तर २०१२ मध्ये ट्रायने ठरवलं होतं: आपसात करार जमला नाही तर मोफत वाहिन्यांच्या पॅकमध्ये कंपनीला ५५ आणि ऑपरेटरला ४५ टक्के, सशुल्कमध्ये ६५ आणि ३५. कागदावर वाईट नाही. पण वायर माझी, खांब माझे, पोरांचे पगार माझे, पावसात गच्चीवर चढायचं मी.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त लागतं. आमचं लोकल चॅनल होतं. आपलं चित्र वायरीत सोडणारा एक मॉड्युलेटर लावला की वायरीत आपली वाहिनी सुरू. गड्ड्याची यात्रा, सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांची मिरवणूक, शाळांची संमेलनं, कोण वारलं, पाणी कधी येणार, हे सगळं त्यावर. डिजिटलचं फीड वरून कुलूपबंद येतं, त्यात मधे काही घालता येत नाही. लोकल चॅनल दाखवायचं तर कंपनीच्या कंट्रोल रूममधून, त्यांच्या परवानगीने, त्यांच्या पैशात. आमच्या भागातलं ते बंदच झालं.

मृद्गंध

सोलापूरची_लाइन, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. सगळे ऑपरेटर तुमच्यासारखे नव्हते.

आमच्या उपनगरात एक गल्ली एक केबलवाला असा कारभार होता. दुसऱ्याची वायर आली की कापली जायची. पावती मागितली तर 'पावती कशाला, ओळखत नाही का?' दर वाढला की तोंडी निरोप. क्रिकेटच्या मालिकेच्या वेळी नेमकं ते चॅनल गायब, कारण वर पैशांवरून भांडण. तक्रार करायची कुठे? बाई एकटी राहते म्हटल्यावर आणखीच दमदाटी.

डिजिटल आल्यावर मला पहिल्यांदा छापील बिल मिळालं, तक्रार नोंदवली की क्रमांक मिळायला लागला, त्यावर समाधान झालं नाही तर तक्रारींसाठी नेमलेल्या कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जाता यायला लागलं. आणि तोवर छत्रीवरून थेट घरात येणारं डीटीएच होतंच, त्यामुळे केबलवाल्याला मी नाही म्हणू शकले. या गोष्टींची किंमत मला मोठी वाटते. जुन्या दिवसांबद्दल हळहळताना ते विसरू नये.

पूर्वा_डोंबिवली

मृद्गंध, तुमच्याशी मी पूर्ण सहमत आहे. जुनी व्यवस्था परत यावी असं मला अजिबात वाटत नाही. पण बघा, तुम्हाला जे मिळालं ते बिल, तक्रार क्रमांक आणि 'नाही' म्हणायची सोय. यातली पहिली दोन नियमांमुळे मिळाली. तिसरी डीटीएचमुळे, आणि ती वापरताना तुम्हाला छत्री आणि बॉक्स नव्याने घ्यावाच लागला असणार. ज्याला तो खर्च झेपत नाही त्याला 'नाही' म्हणता येत नाही. माझं बोट तेवढ्या एका जागेवर आहे.

वाचनवेडा

२०१९ चा गोंधळ कोणाला आठवतोय का? १३० रुपये अधिक जीएसटी म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यावर वाहिन्यांचे वेगळे. ते नेमकं काय होतं? तेव्हा मी शिकायला बाहेर होतो, घरचे फोनवर नुसते वैतागलेले असायचे.

गिरगावकर

वाचनवेडा, तो नवा दरआदेश. ट्रायने मार्च २०१७ मध्ये काढला, वाहिन्यांनी मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिलं, ३० ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांचं अपील फेटाळलं. मग २९ डिसेंबर ही तारीख ठरली आणि लोकांना यादी करायला वेळ हवा म्हणून १ फेब्रुवारी २०१९.

त्याची मांडणी अशी: १०० साध्या वाहिन्यांपर्यंत वायरीचं भाडं १३० रुपये. दूरदर्शनच्या वाहिन्या त्यातच सक्तीच्या. शंभराच्या पुढे दर २५ वाहिन्यांना २० रुपये. एचडी वाहिनी एक घेतली तर दोन धरायची. त्याशिवाय सशुल्क वाहिन्यांची छापील किंमत वेगळी. आणि एखादी वाहिनी गठ्ठ्यात विकायची असेल तर तिची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर नको.

हेतू अगदी कॅसचाच होता. पण वाहिन्यांनी काय केलं? लोकप्रिय वाहिन्यांची सुटी किंमत बरोबर १९ वर नेऊन ठेवली आणि गठ्ठा इतका स्वस्त केला की सुटी घेणं वेडेपणा ठरावा. आईच्या कागदावर पूर्वी ५ रुपयांना असलेली वाहिनी आता जवळजवळ चौपट. म्हणून लोकांनी परत गठ्ठेच घेतले, आणि आधीपेक्षा बिल वाढलं अशी भावना घरोघर झाली.

१ जानेवारी २०२० ला ट्रायने दुरुस्ती केली: १३० रुपयांत २०० वाहिन्या, गठ्ठ्यातल्या वाहिनीची मर्यादा १२ रुपये. वाहिन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. जून २०२१ मध्ये न्यायालयाने एक अट सोडून बाकी आदेश कायम ठेवला. तरी अंमल लांबतच गेला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये मर्यादा परत १९ रुपये. २०२४ मध्ये तर वायरीच्या भाड्यावरची मर्यादाही निघाली.

मंजिरीताई, तुमच्यासाठी एक: २०२० च्या दुरुस्तीत त्याच घरातल्या दुसऱ्या टीव्हीला वायरीचं भाडं पहिल्याच्या ४० टक्क्यांहून जास्त लावायचं नाही, असं होतं.

मंजिरी_क

कळलं. पण सात वर्षं उशिरा. तोवर सासूबाई मोबाइलवर मालिका बघायला शिकल्या होत्या.

रानवारा

कोकणातल्या आमच्या वाडीत केबल कधी आलीच नाही. डोंगरातून चार घरांसाठी वायर कोण ओढणार? त्यामुळे चौथा टप्पा आमच्यासाठी कागदावरच राहिला. आमच्याकडे आधी गच्चीवरचा अँटेना आणि दूरदर्शन, मग डिसेंबर २००४ नंतर दूरदर्शनची मोफत छत्री, जिला आता फ्री डिश म्हणतात. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याचे पैसे नाहीत.

हे मुद्दाम लिहिते कारण पूर्वाताई म्हणतात तसा कुलूप नसलेला बॉक्स देशात होता! फ्री डिशचा बॉक्स बाजारात कुठल्याही दुकानात मिळतो. बंद पडला तर तालुक्याला जाऊन दुसरा आणायचा, कोणाला फोन करायचा नाही, फॉर्म भरायचा नाही. सह्याद्री त्यावर लागतं, मराठीत आणखीही काही मोफत वाहिन्या येत गेल्या. मार्च २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या मोफत हिंदी वाहिन्या त्यावरून काढून घेतल्या तेव्हा वाडीत खूप हळहळ झाली, जून २०२० मध्ये त्या परत आल्या.

चतुर्थीला मुंबईहून येणारी माणसं विचारतात, 'महिना किती भरता?' काही नाही म्हटलं की त्यांना खरं वाटत नाही.

सिग्नल_मीटर

रानवारा, अगदी नेमकं. आता कुलुपाबद्दल.

सशुल्क वाहिनी गोंधळलेल्या स्वरूपात पाठवतात आणि ती उलगडायची किल्ली बॉक्समध्ये असते. पूर्वी ती कार्डात असायची. नंतर स्वस्त बॉक्समध्ये कार्ड काढून टाकलं आणि किल्ली चिपमध्येच बसवली. किल्लीची यंत्रणा पुरवणाऱ्या कंपन्या वेगवेगळ्या, प्रत्येक केबल कंपनीने आपल्याला परवडेल ती घेतली. म्हणून एकीचा बॉक्स दुसरीकडे मुका. फ्री डिशमध्ये वर्षानुवर्षं किल्लीच नव्हती, म्हणून कुठलाही बॉक्स चालला.

किल्ली वेगळी काढता येते का? येते. बॉक्सला किंवा टीव्हीला एक खाच ठेवायची, तिच्यात कंपनीचं मॉड्युल घालायचं. कंपनी बदलली की मॉड्युल बदलायचं, बॉक्स तोच. डीटीएचच्या परवान्यात बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालेल असा असावा ही अट पहिल्यापासून होती. खाच दिलीही गेली. पण ते मॉड्युल जवळजवळ नव्या बॉक्सच्या किमतीला पडायचं आणि कंपन्या ते विकायला उत्सुक नव्हत्या, त्यामुळे खाच रिकामी राहिली. ट्रायने एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली की देशातला प्रत्येक बॉक्स कुठल्याही कंपनीला चालणारा असावा. तोवर सगळे टप्पे संपून तीन वर्षं झाली होती. बसवलेले बॉक्स बदलायला आता कोणीही पैसे घालणार नाही.

पूर्वा, म्हणून तुझा मुद्दा मला योग्य वाटतो, विशेषतः वेळेबद्दलचा. २०११ मध्ये मागणी प्रचंड होती. बहुतेक बॉक्स चीनमधून येत होते, २०१३ च्या अर्थसंकल्पात त्यावरचं आयातशुल्क ५ वरून १० टक्के केलं तेव्हाही इथले कारखाने ती मागणी पुरवू शकत नव्हते. त्या वेळी सरकारने एक नमुना ठरवून दिला असता तर एवढ्या मोठ्या ऑर्डरपुढे कारखानदारांनी तो निमूट बनवला असता. पण चार महानगरांना दिलेली मुदतच वर्षभराची होती. तेवढ्यात नमुना ठरवायचा, तपासायचा, बनवायचा हे शक्य नव्हतं. मुदत आधी ठरली, यंत्र नंतर.

एडिसनकर

न्यू जर्सीतून. अमेरिकेचा अनुभव इथे उपयोगी पडेल. इथे १९९६ च्या कायद्यातच होतं की केबलचा बॉक्स ग्राहकाला बाजारातून घेता आला पाहिजे. त्यातून 'केबलकार्ड' निघालं. सिग्नल_मीटर म्हणतात तेच मॉड्युल, टीव्हीच्या किंवा टिव्होसारख्या, कार्यक्रम रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राच्या खाचेत घालायचं. १ जुलै २००७ पासून केबल कंपन्यांनी स्वतःच्या बॉक्समध्येही तेच कार्ड वापरावं अशी सक्ती झाली, म्हणजे त्यांनी दुसऱ्यांची अडवणूक करू नये.

तरी ते फार रुजलं नाही. कार्ड बसवायला माणूस यायचा तो चार वेळा चुकायचा, आणि केबल कंपनीचं दुतर्फा चालणारं मागणीनुसार चित्रपट वगैरे त्या कार्डावर यायचं नाही. २०१५ च्या शेवटी ती सक्ती संपली आणि बहुतेक लोक महिन्याच्या भाड्याच्या बॉक्सवरच राहिले. त्यामुळे नुसता नियम पुरत नाही. कंपनीला त्यात काही तरी स्वारस्य हवं, किंवा नियामकाने वर्षानुवर्षं मागे लागायला हवं.

एक गोष्ट मात्र इथे चांगली केली. १२ जून २००९ ला हवेतून येणारं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालं तेव्हा सरकारने प्रत्येक घराला बॉक्ससाठी ४० डॉलरची दोन कुपनं दिली होती. बदल सरकारच्या निर्णयामुळे होतोय, तर त्याचा भार सरकारने उचलावा, असा तो विचार होता.

सोलापूरची_लाइन

कुपनाचं वाचून वाटलं, आमच्या गिऱ्हाइकांना एक रुपयाची मदत कोणी केली नाही. पूर्ण पैसे नाहीत म्हणून मी हप्त्याने बॉक्स दिले. काहींचे हप्ते राहिले ते राहिलेच.

मृद्गंधताई, तुम्ही लिहिलंत ते आमच्या धंद्यात होतं. त्याबद्दल मी वाद घालणार नाही. वायर कापणारे आमच्याही शहरात होते आणि त्यांनीच आम्हा सगळ्यांचं नाव खराब केलं. पण डिजिटलने त्यांना हटवलं नाही. ज्याच्याकडे पैसा होता तो टिकला, कंपनीचा भागीदार झाला. दोनशे-तीनशे पॉइंटवाले छोटे ऑपरेटर संपले. २०१८ मध्ये तर देशातल्या दोन मोठ्या केबल कंपन्यांत रिलायन्सने मोठा हिस्सा घेतला. आता आम्ही कोणाशी भाव करणार?

मी टिकलो ते इंटरनेटमुळे. फायबर टाकलं, ब्रॉडबँड देतो. नवी पोरं टीव्हीचा पॉइंट घेतच नाहीत, नुसतं नेट मागतात. तरी संध्याकाळी सात वाजता लाइन बंद पडली तर पहिला फोन टीव्हीवाल्यांचाच येतो.

मृद्गंध

तुम्ही हप्त्याने बॉक्स दिलेत हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे असा एक जण असता तर मी डीटीएचकडे गेलेच नसते.

निशिगंध

धागा वाचून एक प्रत्यक्ष अडचण विचारते. आईला पनवेलहून साताऱ्याला आमच्याकडे आणतोय. तिच्या घरी केबलचे दोन बॉक्स आहेत, एक पूर्ण पैसे देऊन घेतलेला, एक अनामत भरून. बरोबर नेले तर साताऱ्यात चालतील का? आणि नाही तर काय करायचं?

सोलापूरची_लाइन

निशिगंधताई, आधी साताऱ्याच्या ऑपरेटरला विचारा की तो कुठल्या कंपनीचं फीड घेतो. तीच कंपनी असेल तर बॉक्सच्या मागचा नंबर आणि व्हीसी नंबर द्या, पत्ता बदलून बॉक्स तिकडे चालू होऊ शकतो. वेगळी असेल तर नाही चालणार, कितीही नवा असला तरी.

अनामत भरलेला बॉक्स पनवेल सोडायच्या आधीच परत करा. पावती किंवा कनेक्शन घेतानाच्या फॉर्मची प्रत शोधून ठेवा, त्यावर रक्कम असते. बॉक्स, रिमोट आणि ॲडॅप्टर तिन्ही द्या, एक कमी असलं तरी अनामत अडवतात. परत दिल्याचं लिहून घ्या. कनेक्शन बंद करायची विनंती कॉल सेंटरला करून तक्रार क्रमांक घ्या, नुसतं ऑपरेटरला तोंडी सांगू नका, नाहीतर पुढच्या महिन्याचं भाडं चढतं.

विकत घेतलेला बॉक्स तुमचा आहे. तिथल्या ऑपरेटरला विचारून बघा, एखादं गरजू गिऱ्हाईक असेल तर तो आनंदाने घेईल. कचऱ्यात टाकू नका. आणि एचडीएमआयची वायर तेवढी काढून ठेवा, ती साताऱ्यात लागेल.